सनरूफ हवं, पट्टा नको

मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो, स्नॅपडील आणि शॉपक्लूज या पाच ऑनलाइन कंपन्यांना एक किरकोळ वस्तू विकणं थांबवायला सांगितलं. सीटबेल्टच्या टोकाला बकलमध्ये खट् करून बसणारी धातूची जी जीभ असते, तेवढीच ही वस्तू. तिच्यामागे पट्टा मात्र नाही. ती बकलमध्ये खुपसली की गाडीची समजूत होते की बेल्ट लागला, आणि डॅशबोर्डवरची टिंग टिंग थांबते. काही ठिकाणी तीच क्लिप बाटली उघडायचं साधन म्हणून किंवा सिगारेट लायटर म्हणून खपवली जात होती. आदेशानंतर तिच्या १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. म्हणजे गाडीच्या किमतीत आधीच भरलेली एक सोय बंद पाडण्यासाठी लोक वर आणखी पैसे मोजत होते. गाडीतली सर्वांत नकोशी वस्तू कोणती, याचं इतकं सडेतोड उत्तर कुठल्याही प्रश्नावलीतून मिळणार नाही.

बाजाराच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं तेही पाहू. सप्टेंबर २०२० मध्ये टाटा मोटर्सने नेक्सॉनची एक्सएम (एस) ही आवृत्ती काढली. मधल्या दर्जाच्या मॉडेलला सनरूफ जोडलं, आणि तोवर टॉप मॉडेलवाल्यांपुरती असलेली ही चैन साडेआठ लाखांच्या आत आली. जुलै २०२३ मध्ये ह्युंदाईची एक्स्टर आली. गाडी छोटी, पण सनरूफ तोंडी हुकमावर उघडणारं. २०२४ मध्ये महिंद्राने चार मीटरच्या आतल्या एक्सयूव्ही ३एक्सओला मागच्या सीटपर्यंत पसरलेली काच दिली. कंपन्या काही धर्मादाय करत नाहीत. ही खिडकी महागड्या गाड्यांतून अशी खाली उतरत आली ती गिऱ्हाइकाने मागितली म्हणून. तेव्हा आवडत्या गोष्टींत सनरूफ अगदी वर आणि नावडत्यांत सीटबेल्टची घंटी, हे चित्र फारसं खोटं नाही. त्यावर हसणं सोपं आहे, पण लोकांना अक्कल नाही एवढ्यावर विषय मिटवला तर हाती काही लागत नाही. माझ्या मते आवडीनिवडीच्या अशा यादीवरून एकच गोष्ट खात्रीने कळते: कुठल्या सोयीचं सुख कधी आणि कोणासमोर मिळतं. जिचं सुख शोरूममध्येच, घरच्यांच्या देखत, हात लावून घेता येतं ती वर चढते. जिचा उपयोग एखाद्याच दिवशी, क्षणार्धापुरता व्हायचा, आणि तो दिवस उगवूच नये अशी आपली इच्छा, ती तळाला जाते. म्हणून गाडीत काय असावं हे ठरवताना ही यादी निम्म्या कामासाठी उत्तम आहे आणि उरलेल्या निम्म्यासाठी कुचकामी.

सनरूफचंच बघा. छपराला पाडलेलं भोक, भोवती पोलादी चौकट, जाड काच, ती सरकवणारी मोटार, खाली पडदा, आणि कोपऱ्यांतून निघणाऱ्या बारीक नळ्या. या नळ्यांबद्दल विक्रेता सहसा बोलत नाही. काचेच्या कडेचं रबर सगळं पाणी अडवील असं बनवणाऱ्यानेही गृहीत धरलेलं नसतं. थोडं पाणी आत येणार, चौकटीच्या पन्हळीत जमणार आणि नळ्यांवाटे गाडीच्या खांबांतून खाली उतरून बाहेर पडणार, अशीच ती रचना असते. गाडी झाडाखाली उभी राहिली, नळीत पाला आणि धूळ जाऊन बसली, की पहिल्या जोरदार सरीत पाणी छताच्या अस्तरातून थेट मांडीवर. वजन वाढतं, उंच माणसाच्या डोक्यावरची दोन बोटं जागा जाते. एप्रिल-मेमध्ये नागपुरात ही काच उघडायची सोय नाही, जुलैत रत्नागिरीत नाही, आणि पुण्याच्या सिग्नलवर कधीच नाही. उरतात हिवाळ्यातल्या काही संध्याकाळी. त्यातही मुलं धड बाहेर काढून उभी राहतात आणि आईवडील कौतुकाने व्हिडिओ काढतात. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरूत असाच उभा असलेला मुलगा रस्त्यावरच्या उंची अडवणाऱ्या लोखंडी आडव्यावर आदळला.

तरी मागणी आहे, आणि तिला नाक मुरडण्याचं कारण नाही. काच बंद असली तरी पडदा सरकवला की काळ्याकरड्या डब्यात उजेड येतो, मागे बसलेल्या आजींना आभाळ दिसतं. घरात पहिलीच गाडी येत असेल तर ‘टॉप मॉडेल घेतलंय’ हे सोसायटीत कोणाला सांगावं लागत नाही, दिसतंच. हे सुख खरं आहे. फक्त त्यातलं बरंचसं बुकिंगच्या टेबलावरच उपभोगून झालेलं असतं.

आता मागच्या काचेचा वायपर घ्या. हॅचबॅक किंवा एसयूव्हीची मागची काच जवळजवळ उभी असते. गाडी धावते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडवलेला चिखल त्या भोवऱ्यात ओढला जाऊन नेमका काचेवर बसतो. सेडानच्या उतरत्या काचेला हा त्रास तितका नाही. जुलैत आंबोलीच्या नाहीतर वरंध्याच्या घाटात वायपरशिवायची हॅचबॅक थोड्याच वेळात मागून आंधळी होते. आरशात दिसतो तो तपकिरी पडदा. तरी स्वस्त आवृत्त्यांतून खर्च कमी करताना हा वायपर पहिल्यांदा कापला जातो. कारण शोरूम वातानुकूलित असतं, फरशी कोरडी असते, आणि तिथे मागची काच कधी घाण होत नाही. मागच्या सीटवरच्या हेडरेस्टचं आणि मधल्या माणसाच्या पट्ट्याचं असंच. स्टेपनीची गत तर आणखी मजेशीर. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल, अशी मुभा २०२० च्या नियमाने दिली. स्टेपनी नाही हे मालकाला कळतं ते बहुधा टायरची बाजू फाटल्यावर, जिथे किटचा काही उपयोग होत नाही.

‘गिऱ्हाईक मागतच नाही’ हे वाक्य आपल्या वाहन उद्योगाने वर्षानुवर्षं वापरलं. २०१५ च्या सुमारास मारुतीच्या काही गाड्यांना कंसात (ओ) लावलेल्या आवृत्त्या होत्या. ओ म्हणजे ऑप्शनल. थोडे जास्त पैसे द्या आणि एअरबॅग घ्या, काहींत एबीएसही. ज्याला हवं तो घेईल, ही वरकरणी अगदी रास्त व्यवस्था. पण निवड कशाकशात करायची होती ते पाहावं. तेवढ्याच पैशांत एका बाजूला म्युझिक सिस्टिम, अलॉय व्हील, चांगली सीट कव्हरं. दुसऱ्या बाजूला स्टिअरिंगच्या आत घडी घालून ठेवलेली, कधी न दिसणारी पिशवी. हप्ता आधीच ताणून बसवलेला. अशा ताटात कोणता पदार्थ मागे राहणार हे वाढणाऱ्याला ठाऊक होतं. त्यामुळे न खपलेल्या (ओ) आवृत्त्या हा भारतीयांना जिवाची पर्वा नसल्याचा पुरावा मानणं मला पटत नाही. तो मांडणीचा पुरावा आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनसीएपी या गाड्यांची अपघात चाचणी घेणाऱ्या संस्थेने ऑल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या आपटून पाहिल्या, तेव्हा पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच चाचणीत चार. फोक्सवॅगनने लगेच बिगर-एअरबॅग पोलो भारतात विकणं बंद केलं. त्यावर एअरबॅग नसलेली पोलोच हवी, असा मोर्चा काही कोणी काढला नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे सगळं जुनं झालं, आता लोक बदललेत. स्कोडा ऑटो इंडियासाठी २०२३ मध्ये झालेल्या पाहणीत गाडी घेताना महत्त्वाचं काय, याच्या उत्तरात अपघात चाचणीचे तारे पहिले आले, एअरबॅगची संख्या दुसरी, आणि ‘अ‍ॅव्हरेज किती देते’ हा आपला कुळाचार तिसऱ्या क्रमांकावर ढकलला गेला. पाहणी करून घेणारी कंपनी सुरक्षेच्याच नावावर गाड्या विकते, हे लक्षात ठेवलं तरी बदल खोटा म्हणता येत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी नेक्सॉन, आणि ती त्या ताऱ्यांवर खपलीही. पण याच काळातला दुसरा आकडा शेजारी ठेवा. लोकल सर्कल्सच्या २०२२ च्या पाहणीत दहातले सात जण म्हणाले, मागे बसल्यावर आम्ही पट्टा कधीच लावत नाही. तारे हवेत, सहा एअरबॅग हव्यात, पट्टा नको. वरवर विसंगत वाटणारी ही दोन उत्तरं माझ्या मते एकाच मनाची आहेत. तारे आणि एअरबॅगची संख्या मोजता येते, जाहिरातीत छापता येते, भावाच्या गाडीशी ताडून पाहता येते. सुरक्षेला मिळालेलं ते सनरूफच आहे. पट्टा रोज स्वतःच्या हाताने लावावा लागतो, शर्टाची इस्त्री मोडते, आणि त्याचं कोणी कौतुक करत नाही. गंमत अशी, की एअरबॅग ही पट्ट्याची पुरवणी म्हणूनच आखलेली असते. पट्ट्याने अंग जागेवर धरलं तर फुगलेली पिशवी डोकं झेलते. पट्टा नसेल तर पुढे फेकला गेलेला माणूस फुगत असलेल्या पिशवीवरच आदळतो, आणि वाचवणारी वस्तू इजा करू शकते. सहा एअरबॅगची गाडी घेऊन बकलमध्ये ती क्लिप खोचणारा माणूस आपण पैसे मोजून घेतलेली सुरक्षा स्वतःच्या हाताने काढून टाकत असतो.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा हे सगळं चार दिवस चर्चेत आलं. गाडी मर्सिडीज, मिस्त्री मागच्या सीटवर, पट्टा लावलेला नव्हता. गाडी किती भारी आहे याने पट्ट्याची गरज कमी होत नाही, हे त्या दिवशी ठळक अक्षरांत छापून आलं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात पट्टा न लावलेले १६,७१५ लोक अपघातांत गेले. त्यांतले ८,३३१ चालक नव्हते, नुसते बसलेले होते.

लोकांना न आवडणारी सुरक्षा त्यांच्या गळ्यात मारायची, तर कशी मारू नये याचा धडा अमेरिकेने फार पूर्वी देऊन ठेवला आहे. १९७४ च्या मॉडेलच्या गाड्यांना तिथे नियमच झाला, की पुढच्यांनी पट्टे बांधल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही. हेतू शंभर टक्के योग्य. पण सीटवर किराणाची पिशवी किंवा कुत्रं ठेवलं तरी यंत्रणेला माणूस वाटायचा आणि गाडी अडून बसायची. लोक इतके चिडले की ऑक्टोबर १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ही सक्तीच काढून टाकली, वर आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजणारी घंटी सक्तीची करायलाही मनाई केली. पट्टा चूक नव्हता. त्याच्याभोवतीची यंत्रणा अडाणी होती, आणि तिच्यावरच्या रागाने पट्ट्याचं काम कित्येक वर्षं मागे पडलं.

म्हणून नावडीची यादी केराच्या टोपलीत टाका, असं मी म्हणत नाही. तिच्यात ऐकण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त ते ‘कशाला दिलंय’ यापेक्षा ‘हे असं का दिलंय’ या प्रश्नाखाली वाचावं लागतं. जुलै २०१९ पासून आपल्या प्रत्येक नव्या गाडीत ताशी ८० किलोमीटरच्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे अखंड वाजणारी घंटी सक्तीची आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना १०० ची मुभा, समृद्धी महामार्गावर १२० ची. कायद्याने चालणाऱ्या माणसावर जी घंटी ओरडते तिच्याकडे तो दुर्लक्ष करायला शिकतो, आणि शिकल्यावर पुढची खरी घंटीही त्याच कानाने ऐकतो. लेन सोडली की स्टिअरिंग ओढणाऱ्या यंत्रणेचंही तेच. जिथे रस्त्यावरचे पट्टे पुसलेले, समोरून उलटा ट्रॅक्टर येतोय आणि खड्डा चुकवायला लेन सोडावीच लागते, तिथे ती बंद करून ठेवणाऱ्या चालकाला बेजबाबदार ठरवता येणार नाही.

टचस्क्रीनच्या बाबतीत तर चालकच बरोबर होता आणि कंपन्या चूक. एसी कमी करायचा, काचेवरची वाफ घालवायची, यासाठी बटणं काढून सगळं पडद्यात घातलं गेलं. पडदा शोरूममध्ये झगमगतो आणि सुटी बटणं बनवण्यापेक्षा कंपनीला स्वस्तही पडतो, दोघं खूश. मग गाडी रस्त्यावर येते. बटण बोटाला सापडतं, पडद्याकडे डोळे न्यावे लागतात. ‘वी बीलएगरे’ या स्वीडिश नियतकालिकाने २०२२ मध्ये हे मोजलं. ताशी ११० किलोमीटर वेगात तीच चार साधी कामं करायची. २००५ सालच्या, बटणांच्या व्होल्वो व्ही७० मध्ये ती दहा सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये उरकली. एमजीच्या मार्व्हल आर या नव्या गाडीत जवळपास ४५ सेकंद आणि १,३७२ मीटर लागले. सव्वा किलोमीटरहून अधिक अंतर चालकाचं अर्धं लक्ष पडद्यात. लोकांनी कुरकुर केली, फोक्सवॅगनने जाहीरपणे चूक मान्य करून बटणं परत आणायचं ठरवलं, आणि इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे यांना खरीखुरी बटणं वा दांडे नसतील तर वरचे तारे नाहीत, अशी अट युरो एनसीएपीने २०२६ पासून घातली. इथेही क्रम तोच आहे. विकत घेताना पडदा आवडता, वापरताना नावडता. विचारणाऱ्याने प्रश्न कधी विचारला, यावर उत्तर ठरतं.

जिथे सुख रोजचं असतं तिथे बाजार बरोबर निवडतो, हेही मान्य करायला हवं. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओने एएमटी ही स्वस्तातली ऑटोमॅटिक गिअरव्यवस्था आणली तेव्हा ‘ऑटोमॅटिक म्हणजे पेट्रोल खाणार’ ही समजूत पक्की होती. क्लचवर सतत पाय ठेवून हैराण झालेल्या शहरातल्या चालकांनी ती वर्षा-दोन वर्षांत मोडून काढली. कोणाला सक्ती करावी लागली नाही. थंड हवा सोडणाऱ्या सीटही उकाड्याच्या देशात आपसूक लोकप्रिय झाल्या. आणि गरम होणाऱ्या सीटसाठी दरमहा भाडं घ्यायचा प्रयोग बीएमडब्ल्यूने काही देशांत करून पाहिला, तेव्हा गाडीत बसलेलीच वस्तू पुन्हा विकत कशाला घ्यायची म्हणून लोकांनी तो झिडकारला आणि २०२३ मध्ये कंपनीला माघार घ्यावी लागली. अशा ठिकाणी सरकारने मध्ये पडायचं काही कारण नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा. जानेवारी २०२२ मध्ये सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा निघाला तेव्हा मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी तो मांडला: छोटी गाडी महागली की ती घेऊ पाहणारा माणूस दुचाकीवरच राहील, आणि दुचाकी कुठल्याही गाडीपेक्षा धोक्याची. हे बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. चौघांचं कुटुंब स्कूटरवर नेणाऱ्यासाठी दोन एअरबॅगची छोटी गाडी हीच मोठी सुरक्षा आहे. पण किंमत किती वाढेल यावरच एकमत नव्हतं. रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी एका एअरबॅगचा खर्च आठशे रुपये सांगत होते, उद्योगाचा हिशोब त्याच्या अनेक पट होता. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये सक्ती नको असं ठरलं. आणि मग मे २०२५ मध्ये मारुतीनेच ऑल्टो के१०, वॅगन आर, सेलेरिओ आणि ईकोच्या सर्व आवृत्त्यांत सहा एअरबॅग दिल्या. यावरून कोणी म्हणेल, बघा, सक्तीशिवाय झालं की नाही? मला ते तितकंसं पटत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये भारत एनसीएपी ही आपली स्वतःची अपघात चाचणी सुरू झाली, ताऱ्यांची उघड तुलना होऊ लागली, आणि सक्तीची टांगती तलवार दीड वर्ष डोक्यावर होतीच. शिवाय चालकाच्या आणि शेजारच्याच्या एअरबॅगची सक्ती त्याआधीच होऊन गेली होती. त्या पायावर उरलेल्या चार आल्या. परवडण्याचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि ऑल्टोसारख्या गाडीची किंमत एका फटक्यात लाखाच्या घरात खाली आली. गाडी गरिबाच्या आवाक्याबाहेर जाते ती पिशवीमुळे की करामुळे, हा हिशोब आधी कोणी फारसा मांडला नव्हता.

‘माझा पैसा, माझा जीव’ हा युक्तिवाद मागच्या सीटवर तर अगदीच टिकत नाही. मागचा बिनपट्ट्याचा माणूस धडक बसल्यावर गाडीच्याच वेगाने पुढच्या सीटवर आदळतो, आणि पुढच्याने पट्टा लावलेला असला तरी त्याला चिरडू शकतो. मुंबई पोलिसांनी नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांना पट्टा लावण्याची सक्ती जाहीर केली. कायद्यात हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहेच. १ एप्रिल २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांत मागच्या पट्ट्यांसाठीही सूचना देणारी घंटी बंधनकारक झाली आहे. ती नावडती होणार यात शंका नाही. पण ती कशामुळे वाजेल हे एखाद्या गाडीचं मागचं दार उघडून पाहावं. नव्या गाडीला पहिल्याच आठवड्यात अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात चामड्यासारखी सीट कव्हरं बसतात, आणि ती ताणून बसवताना मागची तीन बकलं बऱ्याचदा कव्हराखाली गडप होतात. पट्टा लावायचा म्हटलं तरी तो खोचायचा कुठे? कंपनीने बकल उभं, कडक दांडीवर दिलं असतं तर ते असं दबलं नसतं. कव्हर शिवणाऱ्याने बकलाच्या जागी तीन चिरा ठेवल्या तर घंटीचा निम्मा त्रास वाजण्याआधीच संपेल. भारत एनसीएपी गाडी तपासतं ती कारखान्यातून निघालेल्या अवस्थेत. त्यानंतर दुकानात तिच्यावर काय चढवलं जातं, हे अजून कोणी तपासत नाही.